वाढत्या अंगाचा रेनकोट

पळस्पे फाट्यावर माझं ताडपत्रीचं दुकान होतं, तेव्हा गोव्याकडे जाणारा एकही ट्रक माझी परवानगी घेतल्याशिवाय पाऊस अंगावर घेत नसे. उगाच फुशारकी नाही सांगत. माझ्या हातची ताडपत्री बांधलेला साखरेचा एक ट्रक महाडच्या पुढे सावित्रीत पडला. बाहेर काढेपर्यंत त्यात मासे शिरून संसाराला लागले होते. पण ताडपत्री सोडून बघतात तर साखर खडखडीत कोरडी, आणि तिच्यातल्या मुंग्या तहानेने कासावीस होऊन बाहेर पळाल्या. ड्रायव्हर स्वतः येऊन सांगून गेला. बायकोला विचाराल तर ती म्हणेल असं काही झालं नव्हतं. पण ती तर आमचं लग्न झालं हेसुद्धा अधूनमधून नाकारते.

तर असा मी. कापड हातात घेऊन नुसतं हुंगलं तरी ते कितव्या पावसाला गळेल ते सांगणारा. अशा माणसाचं एवढ्याशा नातीच्या रेनकोटचं माप चुकलं. तेही थोडंथोडकं नाही. त्या रेनकोटात नात, नातीची आई आणि वर एखादी शेळी मावली असती.

झालं कसं ते मुळापासून सांगायला हवं.

आम्ही मिठागरवाले. सगळं जग पावसाची वाट बघतं, आमच्या घरात पाऊस म्हणजे दरोडेखोर. उन्हाळाभर आटवलेलं मीठ बांधावर राशी लावून ठेवलेलं असायचं आणि वडील अंगणात उभे राहून कर्नाळ्याच्या सुळक्याकडे बघत बसायचे. सुळक्याच्या डोक्यावर ढग टेकला की ओरडायचे, "झाका रं!" मग पेंढा, झापं, प्लास्टिक, चादर, आईचं जुनं लुगडं, जे हाती येईल ते राशींवर पडायचं. त्यातून उरेल ते आम्हा पोरांवर. खताच्या गोणीचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसला की डोक्यावरून पाठीपर्यंत खोळ तयार व्हायची. तीच आमची छत्री, तोच रेनकोट. खोळीवर पुढे खताचं नाव, मागे 'हूक लावू नये' असं छापलेलं. आधी मीठ, मग मूल, असा आमच्या घरचा नियम होता. मीठ विरघळतं, मूल विरघळत नाही, असं वडिलांचं म्हणणं.

मिठागरं गेली. तिथून आता विमानं उडतात. आमच्या वाटणीला पैसे आले, स्लॅबचं घर आलं, आणि तसल्याच एका विमानात बसून माझी एकुलती लेक आखातात गेली. तिकडे पाऊस इतका दुर्मीळ की चार थेंब पडले तर म्हणे शाळा बंद ठेवतात. नात तिथेच जन्मली. बोलायला लागली तेव्हा एकदा व्हिडिओ कॉल चालू होता. माझ्या मागे पडवीच्या पत्र्यावरून पागोळ्या धो धो कोसळत होत्या. ती स्क्रीनला नाक लावून बघत राहिली आणि मग काळजीने म्हणाली,

"आजोबा, तुमचं काय सांडलं?"

मी हसलो. मग फोन ठेवला आणि मला हसू येईना. मिठागरवाल्याची पणती, ताडपत्रीवाल्याची नात, आणि तिला पाऊस माहीत नाही! त्या दिवसापासून डोक्यात एकच घेतलं. जुलैच्या सुट्टीत ती येईल, तेव्हा तिचं बोट धरून खाडीकडे जायचं. तिवरांच्या आडोशाला वडिलांच्या वेळच्या बांधाचा एक तुकडा अजून शिल्लक आहे. वर पाऊस, खाली चिखल, मध्ये आम्ही दोघं. बस्स. इतकंच हवं होतं. काशी नको, रामेश्वर नको.

आणि हो, फोनवर मी तिला सांगून टाकलं की पनवेलचा पाऊस माझ्याकडे नोकरीला आहे. मी म्हणेन तेव्हा पडतो, मी म्हणेन तेव्हा थांबतो.

पोर भिजली आणि आजारी पडली तर लेक पुन्हा पाठवणार नाही, हे उघड होतं. म्हणजे रेनकोट हवा. आणि तो पळस्प्याच्या इभ्रतीला शोभेल असा हवा.

लेक म्हणाली, "बाबा, सोपं आहे. लेबलवर अठरा ते चोवीस महिने लिहिलेलं असतं, ते घ्या."

"महिन्यांवरून कोणी कापड कापतं का गं? आयुष्यात कधी ट्रकला त्याचं वय विचारून ताडपत्री कापली नाही मी. माप पाठव."

"सेंटिमीटरमध्ये सांगू?"

"आकडा नको. आकड्याला हात लावता येत नाही. दोरा पाठव."

लेकही माझीच. नातीची टोपी विणून उरलेली गुलाबी लोकर होती, तीच तिने पोरीच्या टाळूपासून टाचेपर्यंत धरली आणि कापली. शेजारचा मुलगा तिकडून रजेवर येत होता, त्याच्याकडे पाठवून दिली. खजुराच्या डब्याबरोबर एका पाकिटात माझी नात आली. पूर्ण उंचीची.

ती लोकर मी दाराजवळच्या खिळ्याला टांगली. सकाळी उठलो की एक टोक धरून खाली सोडायचो. दुसरं टोक फरशीला टेकलं की वाटायचं, ही बघा उभी आहे. एवढीशी. माझ्या गुडघ्याच्या जरा वर. मग सवयीने जरा ओढून बघायचो. ताडपत्रीवाल्याला दोरी ओढून बघितल्याशिवाय माप पटत नाही. येता ओढायचो, जाता ओढायचो. फोनवर ती एखादा नवा शब्द बोलली की त्या दिवशी जरा जास्तच.

बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "अवो, वढू नका! पोरीचं माप हाय, लेंग्याची नाडी नाय!"

लोकर ओढली की वाढते, हे जगातल्या कुठल्याही आजीला माहीत असतं. मी तर दोराच्या धंद्यात जन्म घालवलेला. पण खरं सांगायचं तर मला त्या वेळी ती लोकर दिसतच नव्हती.

ती लोकर खिशात घालून आम्ही दोघं पनवेलच्या बाजारात गेलो. मुलांच्या कपड्यांचं दुकान एका मुसलमान गृहस्थांचं, माझ्या जुन्या ओळखीतलं. त्यांनी कार्टूनवाले, कानवाले, शेपटीवाले रेनकोट काढून समोर ढीग घातला. मी एकेकाची बाही तोंडाला लावून फुंकर मारायला सुरुवात केली.

"चाचा, बाजा नाही तो," ते म्हणाले.

"शिवण बघतोय. कापड कधी गळत नाही, गळतं ते सुईचं भोक. ह्याला आतून पट्टी नाही चिकटवलेली. बघा, हवा आली. जिथून हवा येते तिथून पाणी येतं."

"अरे चाचा, बच्ची पावसात जाणार आहे का समिंदरात?"

दुसरा उजेडासमोर धरला. शिवणीवर चांदण्या दिसल्या. बाद. तिसऱ्याची टोपी इतकी पुढे आलेली, की पोराला रस्त्याऐवजी स्वतःचं नाक दिसावं. बाद. चौथा गडद निळा, शिवण उत्तम, कापड दणकट. पण फाट्यावर उभं राहून जन्म गेला माझा. पावसात ट्रकवाल्याला निळं पोर दिसत नाही. हिरवं तर शेतात हरवतं. पाचव्याला नुसती चेन. "ह्या चेनवर झाकण कुठाय? छातीवरून ओघळलेलं पाणी कुठे जाणार, बँकेत?" सहावा टिकाऊ, पण प्लास्टिक इतकं जाड की आत पोर घामानेच भिजलं असतं. मग पाऊस कशाला हवा?

शेवटी एक केशरी निघाला. शिवणींना आतून पट्टी, चेनवर बटणांची दुहेरी पट्टी, मनगटाला इलॅस्टिक, पाठीवर चमकणारी रेघ, काखेत वारा खेळायला जाळी. मी फुंकलं, गाल फुगले, हवा हलली नाही. मग म्हणालो, "तांब्याभर पाणी आणा."

"चाचा, खुदा के वास्ते!"

पण पाणी आलं. बाहीला खालून गाठ मारली, वरून पाणी ओतलं आणि बाही हवेत धरून उभा राहिलो. रस्त्यावरची माणसं थांबली. थेंब पडला नाही. खोटं वाटेल, पण दुकानदारांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले ते हसण्याचं होतं. असेल.

"आता माप," मी म्हणालो आणि खिशातून लोकर काढून ताणून धरली.

तेवढ्यात बायको म्हणाली, "यापरीस मोठा द्या. वाढत्या अंगाचा."

हा शब्द आमच्या बायकांच्या तोंडून निघाला की त्यावर अपील नसतं. घरातल्या कुठल्याही मुलाला कुठलंही वस्त्र त्याच्या अंगाचं घ्यायचं नाही, पुढे येणाऱ्या अंगाचं घ्यायचं. मला शाळेत घालताना आईने वाढत्या अंगाचा सदरा घेतला होता, तो मला माझ्या लग्नात नीट बसला. मी समजावून बघितलं, की सैल कापड वाऱ्यात फडफडतं, पायात येतं, ताडपत्री सैल बांधली की फाटतेच.

"पोर म्हणजे ट्रक हाय का?" ती म्हणाली. "वाढंल ना ती? का एवढीच राहनार?"

तर आधीच मी ओढून वाढवलेलं माप, त्यावर हिचं वाढतं अंग. घरी आणून दाराजवळ टांगला तेव्हा खालचा काठ पार फरशीला टेकत होता. बायको जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "टिकंल."

त्या जुलैत ती आली नाही. जावयाची नोकरी बदलली, नवीन ठिकाणी रजा मिळेना. "पुढच्या वर्षी नक्की, बाबा," लेक म्हणाली. आणि नात मागून ओरडत होती, "आजोबा, पाऊस ठेवा हां!"

ठेवतो म्हणालो.

त्या वर्षी पाऊस असा पडला, की आमच्या विहिरीतला बेडूक वर येऊन पडवीत भाडं विचारून गेला. एका दुपारी मला राहवेना. रेनकोट हातावर घेतला, छत्री उघडली आणि खाडीच्या बांधावर गेलो. तिथे पागेरा घेऊन चाललेला एक म्हातारा भेटला. पागेरा म्हणजे हाताने फेकायचं मासळीचं जाळं. कोटाकडे बघून म्हणाला,

"पोर कुठं हाय रं?"

"येतंय मागून."

त्याने मागे बघितलं. लांबवर बांध मोकळा. "लय मागं राहिलंय," म्हणाला आणि निघून गेला.

मी रेनकोट सरळ धरून पावसात उभा केला. टोपी वर, बाह्या खाली. चांगला धरून ठेवला. घरी येऊन आत हात घालून बघितलं. खडखडीत कोरडा. परीक्षेत पहिला आला. पण आत कोणी नसलेली वस्तू कोरडी राहिली, यात ताडपत्रीवाल्याची काय फुशारकी? त्या संध्याकाळी मी कोणालाही एकही बढाई सांगितली नाही. बायकोने कपाळाला हात लावून ताप बघितला.

पुढच्या जुलैत मात्र आली. विमानतळाच्या दारातून चालत आली, बोलत आली, माझ्या ढोपरावर धडकली आणि वर बघून पहिला प्रश्न विचारला, "पाऊस कुठे ठेवलाय?"

आणि पावसाने ओढ दिली.

जूनमध्ये बरसून गेला तो गेला. आभाळ घासलेल्या परातीसारखं लख्ख. वेधशाळा रोज सांगे, उद्या. पंचांगवाले सांगत, परवा. ती मंडळी थोड्याच दिवसांसाठी आलेली, त्यातले निम्मे दिवस जावयाच्या गावाकडे गेले. मी अंगणात उभा राहून कर्नाळ्याच्या सुळक्याकडे बघायचो, वडील बघायचे तसा. ते ढग येऊ नये म्हणून बघायचे. मी उलटा. आमच्या कुळात पावसाला बोलावणारा मीच पहिला, आणि मलाच तो भाव देईना.

ती सकाळी उठली की स्वतः रेनकोट घालायची. घोट्यापर्यंत केशरी तंबू, बाह्यांत हात हरवलेले, टोपीतून नुसतं नाक. अशी उन्हात दाराशी उभी राहायची आणि म्हणायची, "सांगा ना त्याला."

इज्जतीचा प्रश्न होता. एके दिवशी मी अंगण धुवायचा पाईप गच्चीवर नेला, अंगठा लावून धार फोडली आणि वरून सोडली. खाली ती जागच्या जागी ताठ उभी. डोक्यावर टपटप आवाज. आधी दचकली. मग दोन्ही हात पसरले.

"अजून!"

टाकी संपेपर्यंत अजून. बायको खालून ओरडत होती, "आता आंगोली कशानं करू? तुमच्या फुशारकीनं?" लेक पडवीत उभी राहून हसत होती. पण डोळे माझ्याकडे नव्हते, मोकळ्या आभाळाकडे होते. तिलाही पाऊस हवा होता. तिकडे राहून तिलाही किती वर्षं झाली.

त्या दुपारी कोट वाळत घातला आणि सहज म्हणून मी खिळ्यावरची लोकर काढली. नातीला दाराला टेकवून उभी केली आणि लोकर टाळूपासून खाली सोडली. माझा विश्वास बसेना. दुसरं टोक बरोबर टाचेला टेकलं. ना कमी, ना जास्त.

"बाबा, ही नवीन लोकर ना?" लेकीने विचारलं.

"तीच. तू पाठवलेली."

लेकीने लोकर बोटांत धरून बघितली. बायकोच म्हणाली, "वढून वढून वाढवली हाय पोरीला."

माझ्या आतापर्यंतच्या गोष्टींतली एकही तुम्ही खरी मानू नका, मला चालेल. ही तेवढी माना.

जायच्या दिवशी सकाळी उठलो तर सुळका दिसेना. त्याच्या डोक्यावर काळं घोंगडं बसलेलं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "झाका रं!" घरात बॅगा उघड्या, वजनकाटा मधोमध, सगळ्यांची ओरड. मी केशरी कोट घेतला, पोरीला त्यात घातली आणि पाईप न घेता निघालो.

"बाबा, विमान आहे आज!"

"माहीत आहे! विमानच आहे, ट्रक नाही, वेळेवर येतंय कशाला!"

कोटाचा घेर पायात येत होता, म्हणून ती तो दोन्ही हातांनी वर धरून चालत होती, नऊवारी सावरल्यासारखी. बांधावर पोचलो आणि मागून खाडीवरून आवाज आला. मिठागरवाल्याला तो आवाज कळतो. सर नाही, भिंतच येत होती. तिने मान वर केली. मग माझ्या हातांकडे बघितलं. रिकामे.

"आजोबा, पाईप कुठे आहे?"

सांगायला तोंड उघडलं आणि पाऊस कोसळला. समोरची तिवरं गेली, बांध गेला, बोललेलं ऐकू येईना. तिचा चेहरा आक्रसला. "बंद करा! आजोबा, बंद करा!"

आता काय करू? सगळ्या जगाला गंडवणारा माणूस, पण हे मला बंद करता येत नव्हतं. उचलून पळावं तर पायाखाली शेवाळ. मी चिखलात बसकण मारली आणि तिला पुढ्यात ओढणार, तेवढ्यात ती स्वतःच खाली बसली. गुडघे पोटाशी घेतले, बाह्यांतून हात आत ओढले, मान आत घेतली. तो घोळदार, वाढत्या अंगाचा कोट चारी बाजूंनी जमिनीला टेकला आणि पोर दिसेनाशी झाली. बांधावर नुसती एक केशरी रास. झाकलेली. वडिलांनी झाकावी तशी, काठ दाबून.

मी वरून हात ठेवला. पाऊस माझ्या कॉलरमधून शिरून बुटातून बाहेर पडत होता. जन्मात एवढा भिजलो नव्हतो. मग खालून बारीक आवाज आला,

"आजोबा."

"काय गं?"

"मी कोरडी आहे."

"असणारच," मी म्हणालो. "पळस्प्याचा माल आहे."

जरा वेळाने सरीचा जोर आपोआप ओसरला. मी मोठ्याने म्हणालो, "बास रे! पुरे आता!" टोपीतून नाक बाहेर आलं. आभाळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेतला तो विश्वास मला आजवर पळस्प्यावरच्या एकाही ट्रकवाल्याकडून मिळालेला नाही. मग ती उठली आणि घरापर्यंत दिसेल त्या डबक्यात उडी मारत आली.

संध्याकाळी बॅग भरताना लेकीने कोट हातात घेतला. "हा नेऊ का, बाबा? पण तिकडे काय उपयोग..."

"राहू दे इथेच," मी म्हणालो. बायकोही म्हणाली, राहू दे. त्यात आम्हा दोघांचं एकमत झालं, हीसुद्धा एक नवलाचीच गोष्ट.

आता तो पुन्हा दाराजवळच्या खिळ्याला आहे. लोकरही आहे. कालच फोन आला. तिकडे ऊन, ती खिडकीत उभी.

"आजोबा, इकडे पाऊस सोडा ना."

"पाईप पुरत नाही गं तेवढा. तूच ये."

"माझा कोट आहे?"

"आहे की."

अलीकडे तिला हिशेब कळायला लागलाय. "मला होईल ना तो? मी मोठी झाले."

मी खिळ्याकडे बघितलं. बायको पाठीमागे उभी होती. तिने बोटांनीच दाखवलं, आता बरोबर बसेल, पुढच्या पावसाला आखूड. मी फोन जवळ धरला.

"अगं, होईल म्हणजे काय," मी म्हणालो, "अजून मोठाच होतोय तो तुला."